मांडव प्रीमियम वाटत नाही

मी बोम्मसंद्र्यात राहते. इमारतीतून बाहेर पडून होसूर रस्त्याकडे निघालं की वाटेत एक दुकान लागतं. पाटीवर कन्नडमध्ये आणि इंग्रजीत ‘वाईन्स’. आत रम, ब्रँडी, व्हिस्की, बिअर. संध्याकाळी कारखान्यांची पाळी सुटली की तिथे उभं राहायला जागा नसते. खरोखरची वाईन मागितली तर दुकानदार सर्वांत वरच्या फळीवरून एक बाटली काढतो आणि फडक्याने पुसून हातात देतो. नाशिक-पुण्यातही वेगळं नाही. ‘वाईन शॉप’ या शब्दाचा अनुवाद आपल्या रस्त्यांनी केव्हाच करून टाकला आहे. २७ जानेवारी २०२२ रोजी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला परवानगी दिली, तेव्हा ‘वाईन म्हणजे दारू की नाही’ यावर जो गदारोळ झाला, त्यात या पाट्यांकडे कुणी बोट दाखवलं नाही.

गेल्या पावसाळ्यात माझ्याकडे एक काम आलं. इटलीत वेरोनाच्या पूर्वेला सोआवे नावाचं गाव आहे. वर किल्ला, मागे ज्वालामुखीच्या खडकाच्या टेकड्या आणि त्यांच्यावर गार्गानेगा या पांढऱ्या द्राक्षाच्या बागा. तिथल्या एका कुटुंबाच्या वायनरीची माहितीपुस्तिका मराठी पर्यटकांसाठी मराठीत करायची होती. चार पिढ्यांची गोष्ट: पणजोबांनी लावलेल्या वेली, आजीच्या हातची छाटणी, तळघरातली लाकडी पिंपं. मजकूर माझ्यापर्यंत इंग्रजीतून आला होता, तरी त्यातला आपलेपणा टिकला होता. मी तो मन लावून केला.

आठवड्याने एजन्सीकडून फाईल परत आली, लाल खुणांनी भरलेली. पर्गोलासाठी मी ‘मांडव’ लिहिलं होतं, ते खोडलेलं. ‘खुडा’ खोडून ‘हार्वेस्ट’. ‘द्राक्ष बागायतदार कुटुंब’ खोडून ‘वाईनमेकर फॅमिली’. समासात शेरा: शब्द बरोबर असतील, पण शेतकी वाटतात, मांडव प्रीमियम वाटत नाही, मराठीत या विषयाला शब्दच नाहीत, तर इंग्रजीच ठेवू या.

या शेऱ्याशी माझं भांडण आहे. एजन्सीतल्या त्या मुलाशी नाही. तो जे बोलला ते आपण सगळेच, साहित्याच्या मांडवात बसणारे तर जास्तच, मानत आलो आहोत.

आधी एक कबुली. इंग्रजी शब्द आला की सोवळं मोडलं, असं मानणाऱ्यांतली मी नाही. ‘वाईन’ला ‘द्राक्षासव’ म्हणा असं सुचवणारे विद्वान मला भेटले आहेत. द्राक्षासव औषधाच्या दुकानात मिळतं आणि जेवणानंतर चमच्याने घेतात. ‘टॅनिन’ला टॅनिनच म्हणावं, जिभेवर काय होतं ते सांगायला ‘तुरट’ आहेच. सोआवेच्या वाईनला शेवटी कडू बदामाची चव येते म्हणतात. कडू बदाम दाताखाली आलेला नाही असा मराठी माणूस मी पाहिलेला नाही.

पण शब्दच नाहीत? माझं आजोळ निफाड तालुक्यातलं. आजोबांच्या वडिलांनी भोकरी लावली, आजोबांनी अनाब-ए-शाही, मामाने थॉम्पसन. त्या घरात मी लहानपणापासून ऐकलेली भाषा अशी: खरड छाटणी एप्रिलात, गोडी छाटणी ऑक्टोबरात. ओलांडा, मालकाडी, डोळा. डोळे फुटतात, घड जिरतात, विरळणी होते. पानावर भुरी येते, केवडा येतो. इटलीत वेल थंडीत झोपते आणि वर्षातून एकदा छाटतात. आपल्याकडे ती झोपतच नाही, म्हणून छाटणी दोनदा आणि पीक एकदा. ही मोठी कृषिशास्त्रीय गोष्ट दोन साध्या विशेषणांत बसली आहे, खरड आणि गोडी. त्या पुस्तिकेत एक फ्रेंच शब्द होता, व्हेरेझों. मणी कडकपणा सोडून मऊ पडतो, रंग बदलायला लागतो, आत साखर भरू लागते, ती अवस्था. इंग्रजीला त्यासाठी स्वतःचा शब्द सापडला नाही, त्यांनी फ्रेंच उचलला. मी मामाला फोन करून दोन वाक्यांत वर्णन केलं. तो म्हणाला, “अगं, पाणी उतरतंय म्हण ना.”

मण्यात पाणी उतरणं. तौलनिक साहित्याच्या वर्गात ‘अननुवादनीय’ या कल्पनेवर मी वीस पानी निबंध लिहिला होता. एकही उदाहरण शेतातलं नव्हतं.

ही भाषा लपलेली नाही. ती रोज ‘ॲग्रोवन’मध्ये छापून येते, मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राच्या सल्ल्यांत असते, बागायतदारांच्या मेळाव्यांत बोलली जाते. तिच्यात अचूकपणा आहे, वाद आहेत, विनोद आहे. पण ती आपल्याकडे ‘कृषी पुरवणी’ म्हणून बाजूला काढली जाते. सोआवेच्या शेतकऱ्याने तेच काम त्याच्या बोलीत सांगितलं की ते ‘वारसा’ होतं आणि आपल्या पुरवणीत ‘पर्यटन’च्या पानावर येतं.

मांडवाचंच घ्या. सोआवेच्या टेकड्यांवर वेली पारंपरिकपणे पर्गोलावर चढवतात, वेल डोक्यावर आणि घड खाली सावलीत. मधल्या काळात तिथेही या पद्धतीला नावं ठेवली गेली: फार पीक देते, दर्जा नाही, जुनाट आहे. मग उन्हाळे तापू लागले आणि सावलीची किंमत कळली. २०१८ साली संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने सोआवेच्या पारंपरिक बागांना जागतिक महत्त्वाच्या कृषी वारशात स्थान दिलं. इकडे मामाने वाईनची द्राक्षं लावायची ठरवली, तेव्हा ज्या कंपनीशी करार झाला तिच्या अधिकाऱ्याने पहिली अट घातली: मांडव नको, तारेवर भिंतीसारखी सरळ वेल हवी. मामाने तसं केलं. तो सल्ला चूक होता असं मी म्हणत नाही, वाईनच्या वाणांना ती पद्धत चालते. पण ‘मांडव जुनाट’ हे वाक्य दोन्ही देशांत बोललं गेलं, आणि ते मागे घेतलं गेलं ते एकाच देशात.

त्या बागेचं पुढे काय झालं तेही सांगते. २००१ साली राज्याने धोरण आणलं. त्याचं नाव ‘द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण’. ‘वाईन’ हा शब्द नावात नाही. वायनऱ्या उभ्या राहिल्या, करार झाले. २००८च्या मंदीनंतर मागणी आटली आणि वाईनची द्राक्षं घ्यायला कुणी येईना. ही द्राक्षं बाजारात खायला विकता येत नाहीत: मणी बारीक, बी मोठी, साल जाड. अनेकांनी वेली उपटल्या, त्यांत मामाही होता. चार पिढ्यांची गोष्ट त्याच्याकडेही आहे, फक्त तिच्यात एक पान उपटलेलं आहे आणि ते कुठल्याही पुस्तिकेत येत नाही.

बाटल्यांवर काय येतं ते पाहा. नारायणगावच्या चौगुल्यांनी महाराष्ट्रात फसफसणारी वाईन बनवून दाखवली, हे धाडसच होतं. नाव दिलं ‘मार्कीझ द पॉम्पादूर’, फ्रान्सच्या राजाच्या मैत्रिणीचं. अकलूजच्या बाजूला इटलीचे सेच्ची बंधू, मोहिते-पाटील बंधू आणि सेखरी बंधू एकत्र आले. कंपनीचं नाव ‘फ्रातेल्ली’. म्हणजे बंधू. चितळ्यांनी हा शब्द पाटीवर मिरवला त्याला किती दशकं झाली, आणि पुण्यात त्याला रांग लागते. अपवाद ‘सुला’चा. ते नाव संस्थापकांच्या आईचं, सुलभा, अर्ध्यावर तोडलेलं. पण त्या अर्ध्या नावानेही धंदा काही बुडाला नाही. आणि नाशिकच्या वाईनला जे भौगोलिक मानांकन मिळालं ते ‘नाशिक व्हॅली वाईन’ या नावाने. गोदावरीचं खोरं म्हणणारी माणसं मला माहीत आहेत. आपण व्हॅलीत राहतो असं म्हणणारा नाशिककर अजून भेटायचा आहे.

इंग्रजी नाव असेल तर परदेशात विकायला सोपं जातं, हा आक्षेप मला ठाऊक आहे. गार्गानेगा हे नाव कुणाला सोपं होतं? इटालियन माणसाने ते बदललं नाही, जगाने जीभ वळवली. शिवाय माझी पुस्तिका परदेशात जाणार नव्हती. ती वाचणार होती नाशिक-सांगली-सोलापूरची माणसं, ज्यांच्यातल्या बऱ्याच जणांनी ओलांडा हातात धरलेला आहे. त्यांना सोआवेत नेऊन मांडवाखाली उभं करायचं आणि वर ‘पर्गोला’ आहे असं सांगायचं?

पुस्तिकेतल्या ‘कौटुंबिक’ या शब्दावरही माझा थोडा राग आहे, हे ओघाने. सोआवेची बहुतांश द्राक्षं कौटुंबिक तळघरांत जात नाहीत, सहकारी संस्थांत जातात. तिथली मोठी सहकारी वायनरी १८९८ सालची आहे. शेजारच्या डोंगरावरची ती शेकडो घरं चार पिढ्यांच्या गोष्टीत नाहीत. सहकार काय असतो आणि त्यात काय बिघडतं हे मराठी वाचकाला वेगळं समजवावं लागत नाही, म्हणून मी तळटीप टाकली होती. तीही खोडली गेली.

बेंगळुरूच्या उत्तरेला, नंदीच्या डोंगराजवळ, ग्रोव्हर कुटुंबाची वायनरी १९८८पासून आहे. त्याच भागात बेंगळुरू ब्लू पिकवणारी कन्नड घरं त्याहून जुनी. तिथे मुलाखती घ्यायला जायचं आहे, या अंकाच्या कन्नड विभागातली एक मैत्रीण सोबत येते म्हणाली आहे. मण्यात पाणी उतरण्याला कन्नडमध्ये काय म्हणतात ते मला तिथे विचारायचं आहे.

फाईल मी परत पाठवली. मांडव, खुडा, पाणी उतरणं, सगळं पुन्हा जागेवर ठेवून. तळटीपही. बिल अजून निघालेलं नाही.