परराज्यातून घेतलेला ट्रक गावी आणताना रिकामाच का आणावा लागतो?

22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू वाहनांवरचा जीएसटी 28 टक्क्यांवरून 18 टक्क्यांवर आला. करापूर्वीची किंमत 25 लाख धरली, तर एका गाडीमागे अडीच लाखांचा फरक पडतो. मराठवाड्यात सोयाबीन, तूर आणि ऊस वाहणाऱ्यांसाठी ही रक्कम छोटी नाही.

आता अहमदपूरचा एखादा गाडीमालक गाडी घ्यायला हैदराबादला गेला असं समजा. जीएसटी देशभर सारखाच आहे, त्यामुळे कर वाचवायला कुणी तिकडे जात नाही. हवं ते मॉडेल लगेच मिळतं, डीलर सूट देतो किंवा जुन्या गाड्यांचा बाजार मोठा असतो, म्हणून लोक जातात. परतीचा रस्ता जहीराबाद, बीदर, उदगीर असा, अडीचशे किलोमीटरच्या आसपास. एका दिवसाच्या या प्रवासात तेलंगणा, कर्नाटक आणि महाराष्ट्र ही तीन राज्यं लागतात. गाडीचं पासिंग अजून झालेलं नसतं, परमिटही नसतं. मग ती रस्त्यावर चालवायची कोणत्या आधारावर?

आधी नंबर

मोटार वाहन कायदा, 1988 च्या कलम 39 नुसार नोंदणी नसलेली गाडी सार्वजनिक रस्त्यावर चालवता येत नाही. पहिल्यांदा पकडलं गेल्यास कलम 192 खाली 2 ते 5 हजार रुपये दंड आहे, पुन्हा सापडल्यास तुरुंगवासही होऊ शकतो.

गाडी राज्यातल्याच डीलरकडून घेतली तर नोंदणीचा अर्ज डीलरनेच करायचा असतो आणि नंबर लागल्याशिवाय गाडी ताब्यात द्यायची नसते. परराज्यातली गाडी मात्र महाराष्ट्रात येऊन पास व्हायची असते. तिच्यासाठी कलम 43 ची तात्पुरती नोंदणी, म्हणजे बोलीभाषेतला 'टेम्पररी नंबर'. त्याची पाटी पिवळी आणि अक्षरं लाल. लाल पाटीवर पांढरी अक्षरं असतील तर तो डीलरचा ट्रेड सर्टिफिकेटचा नंबर असतो. तो डीलरच्या ताब्यातल्या गाडीसाठी आहे. "आमच्याच नंबरवर घेऊन जा, काही होत नाही," असं शोरूममध्ये कुणी म्हटलं तरी त्या पाटीवर गाडी गावी आणू नये. नंबर कागदावर छापून काचेला चिकटवणंही चालत नाही.

टेम्पररी नंबरला मुदत असते आणि ती कागदावर लिहिलेली असते. नुसती चेसिस घेऊन बॉडी बांधायची असेल तर सहा महिने मिळतात. विजयवाड्याच्या ऑटोनगरला किंवा तमिळनाडूत नामक्कलकडे बॉडी बांधायला गाडी टाकणाऱ्यांनी ही तारीख विसरू नये. बॉडीवाल्याकडे किती दिवस लागतील हे कुणालाच छातीठोक सांगता येत नाही.

परमिटची सूट, पण एका अटीवर

मालवाहू गाडीला परमिट लागतं आणि ते नसेल तर दंड जबर आहे. 2019 च्या दुरुस्तीनंतर कलम 192अ खाली पहिल्याच गुन्ह्याला 10 हजार रुपये दंड आणि सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. पण एका राज्यात विकत घेऊन दुसऱ्या राज्यात नेल्या जाणाऱ्या गाडीला कलम 66(3) परमिटमधून सूट देतं. टेम्पररी नंबरवर पासिंगसाठी निघालेल्या गाडीलाही ती आहे. अट एकच, गाडीत माल किंवा प्रवासी नसावेत.

खरी अडचण इथेच येते. रिकामी गाडी आणायची म्हणजे डिझेल, टोल आणि ड्रायव्हरचा भत्ता सगळा खिशातून. त्यात कुणीतरी परतीचं भाडं देऊ करतं. "नाहीतरी तिकडंच चाललाय, चार टन टाकून घ्या." भाड्यातून डिझेल निघतं, पण माल चढताच परमिटची सूट संपते. त्या क्षणापासून ती विनापरमिट धंदा करणारी गाडी ठरते.

पकडलं तर दंड भरू, असा हिशेब अनेकजण करतात. हा हिशेब अपघाताच्या दिवशी कोसळतो. 2018 मध्ये अमृत पॉल सिंग विरुद्ध टाटा एआयजी या खटल्यात अपघातावेळी ट्रकला परमिट नव्हतं. विमा कंपनीने पीडितांना भरपाई द्यावी आणि ती मालकाकडून वसूल करावी, हे सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवलं. म्हणजे विम्याचा हप्ता भरूनही भरपाई शेवटी मालकाच्याच डोक्यावर. टेम्पररी नंबरची मुदत संपल्याचाही असाच फटका बसतो. 2021 मध्ये सुशीलकुमार गोदारा प्रकरणात पंजाबात घेतलेली बोलेरो जोधपूरला चोरीला गेली. तात्पुरत्या नोंदणीची मुदत आधीच संपलेली होती, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने विम्याचा दावा नाकारला. चोरीचा आणि नोंदणीचा काय संबंध, असं वाटू शकतं. न्यायालयाच्या मते नोंदणी नसलेली गाडी रस्त्यावर वापरणं हाच विमा कराराचा मूलभूत भंग होता.

म्हणून शोरूममधून निघण्याआधी विमा चालू झालेला हवा, त्यावर इंजिन आणि चेसिस नंबर अचूक हवेत. ड्रायव्हरचं लायसन्स ट्रान्सपोर्टचं हवं. नोव्हेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एलएमव्ही लायसन्सवर 7,500 किलोपर्यंतची मालवाहू गाडी चालवायला मान्यता दिली, पण दहा चाकी किंवा ट्रेलरचा घोडा त्यात बसत नाही.

जुनी गाडी असेल तर

जुन्या गाडीला नंबर असतो, पण परराज्याचा. तिथल्या आरटीओकडून ना हरकत प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म 28 ची एनओसी, घेतल्याशिवाय गाडी इथे नावावर होत नाही. कर आणि दंड थकलेला नाही, चोरीची तक्रार नाही, हे त्याआधी तपासलं जातं. कर्ज असेल तर फायनान्सवाल्याचीही संमती लागते. नव्या मालकाने खरेदीनंतर 30 दिवसांत आपल्या आरटीओला कळवायचं असतं, विमा नावावर करायला 14 दिवस असतात. फिटनेस संपलेली गाडी कायद्याच्या दृष्टीने नोंदणी नसल्यासारखीच, त्यामुळे ती तारीख सौद्याच्या आधी बघावी. 12 वर्षांपेक्षा जुन्या गाडीला नॅशनल परमिट मिळत नाही, मल्टिअ‍ॅक्सलला ही मर्यादा 15 वर्षं आहे. स्वस्तात मिळालेली गाडी इथे महाग पडते.

घाई विकणाऱ्यालाही असायला हवी. 2018 च्याच नवीन कुमार प्रकरणात कार एकामागून एक अनेकांना विकली गेली, पण नोंदणी पहिल्या मालकाच्याच नावावर राहिली. अपघाताची जबाबदारी सर्वोच्च न्यायालयाने त्याच्यावरच टाकली.

गाडी अहमदपूरला पोहोचली तरी लगेच भाडं मारता येत नाही. पासिंग, फिटनेस आणि परमिट हातात येईपर्यंत ती दारातच उभी राहते. बाहेरच्या राज्यांत माल न्यायचा असेल तर नॅशनल परमिटसाठी वर्षाला 16,500 रुपये भरावे लागतात. फास्टॅग चेसिस नंबरवर काढलेला असतो, त्यात नवा नंबर टाकून घ्यावा लागतो. हप्त्याची तारीख मात्र या कशासाठीच थांबत नाही, त्यामुळे पहिला हप्ता कधीपासून हे फायनान्सवाल्याशी गाडी उचलण्याआधीच ठरवून घेतलेलं बरं.