उपग्रहाचा शेवटचा कोस

कलाशाखेच्या विद्यार्थ्याने उपग्रहावर लेख लिहावा, हा काहींना आगाऊपणा वाटेल. "ते सायन्सवाल्यांचं काम," असे एका मित्राने मला तोंडावर सांगितले. गेल्या उन्हाळ्यापर्यंत माझेही मत तेच होते.

आमचा कांदा काढून वावरात पसरला होता. चाळीत भरायला दोन दिवस अवकाश होता. संध्याकाळी मोबाइलवर हवामानाचा संदेश आला : तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पावसाची शक्यता. वडिलांनी विचारले, "म्हंजे आपल्याकडं येतो का नाही?" घरात मराठी घेऊन बी. ए. करणारा मी एकटा. ऐटीत सांगितले, "तुरळक म्हणजे कुठंतरी एखाद्या ठिकाणी. अण्णा, तुम्ही निर्धास्त झोपा." मध्यरात्रीनंतर पाऊस आला. ताडपत्री सापडेपर्यंत कांदा भिजला होता. अण्णा मला एका शब्दाने बोलले नाहीत. तेच अधिक लागले.

पुढे चौकशी केली तेव्हा कळले, हवामानशास्त्रात 'तुरळक' या शब्दाला ठरलेला अर्थ आहे. विभागातील २५ टक्क्यांपर्यंत केंद्रांवर पाऊस, म्हणजे तुरळक. चार गावांतले एक गाव भिजू शकते आणि ते आपलेही असू शकते. उपग्रह चुकला नव्हता, संदेशही खोटा नव्हता. सुमारे ३६,००० किलोमीटर उंचीवरून आलेली बातमी आमच्या ओट्यावर, माझ्या तोंडात येऊन अडखळली.

मित्रहो, या देशात उपग्रहाचा विचार सुरू झाला तेव्हा हा शेवटचा कोस कोणी विसरले नव्हते. आपण पुण्याला जाताना संगमनेर, आळेफाटा ओलांडून नारायणगावाकडे येतो. त्याच परिसरातील आर्वी येथे १९७१ साली परदेशांशी उपग्रहाद्वारे दळणवळण करणारे भूकेंद्र उभे राहिले. त्याच वर्षाच्या अखेरीस विक्रम साराभाई निवर्तले. त्यांचेच नाव त्या केंद्राला मिळाले. पण साराभाईंचे खरे लक्ष खेड्याकडे होते. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ या वर्षात अमेरिकेच्या एटीएस-६ या उपग्रहावरून सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोहोचली. 'साइट' नावाच्या या प्रयोगाच्या धुरीणांत कोल्हापूरचे एकनाथ चिटणीस होते. गावोगावी जाळीच्या, सुमारे तीन मीटर व्यासाच्या छत्र्या बसल्या. सकाळी शाळेतल्या मुलांसाठी आणि संध्याकाळी मोठ्यांसाठी शेती, आरोग्य यांचे कार्यक्रम होत.

मला सर्वांत महत्त्वाची वाटली ती गोष्ट वेगळीच. या प्रयोगात अभियंत्यांच्या जोडीला समाजशास्त्रज्ञ होते. मानवशास्त्राचे अभ्यासक खेड्यांत जाऊन राहिले. लोक काय पाहतात, त्यांना काय समजते, याची नोंद त्यांनी केली. म्हणजे कलाशाखा उपग्रहाच्या अंगणात तेव्हाच पोहोचली होती. आपण मात्र तेथून परत फिरलो. आणखी एक बोचणारी गोष्ट : ते कार्यक्रम हिंदी, तेलुगू, कन्नड आणि उडिया या भाषांत होते. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता, त्यामुळे मराठी नव्हती.

१९८१ साली 'ॲपल' हा आपला प्रायोगिक दळणवळण उपग्रह सोडण्यात आला. धातूच्या वाहनामुळे चाचणीत अडथळा येऊ नये म्हणून इस्रोच्या अभियंत्यांनी तो आधी बैलगाडीवर ठेवून तपासला. ते छायाचित्र पाहून पुष्कळांना हसू येते. उसाच्या गाड्या पाहत वाढलेल्या कोपरगावकराला हसू येऊ नये. हाताशी जे आहे त्याचा नेमका उपयोग करणे, यालाच संशोधन म्हणतात. १७ फेब्रुवारी २०२४ रोजी इन्सॅट-३डीएस हा हवामानाचा उपग्रह श्रीहरिकोट्याहून गेला, तो याच वाटेने पुढे गेलेल्या माणसांच्या कष्टांमुळे.

कोणी म्हणेल, शब्द सोपे केले म्हणून अंदाज अचूक होईल काय? नाही होणार. पाऊस नेमका कोणाच्या बांधावर पडेल, हे आजही सांगता येत नाही. पण अनिश्चित गोष्ट अनिश्चित आहे असे स्पष्ट सांगणे, हेही भाषेचेच काम आहे. आमच्याकडे वळीव, झड, भुरभुर, सर या शब्दांत फरक आहे. तो शेतकऱ्याला कळतो. 'पर्जन्यवृष्टी' म्हटले की तो फरक पुसला जातो. इंग्रजीचा जड मराठीत केलेला तर्जुमा म्हणजे मराठीकरण नव्हे.

म्हणून माझी मराठी आणि भूगोल या दोन्ही विभागांना नम्र सूचना आहे. आपण रोजचा हवामानाचा अंदाज महाविद्यालयाच्या फळ्यावर आपल्या बोलीत लिहावा आणि खाली 'तुरळक', 'काही ठिकाणी' यांचे अर्थ द्यावेत. सुट्टीत प्रत्येकाने आपल्या गावातून पावसाचे, वाऱ्याचे, ढगांचे शब्द गोळा करून वहीत उतरवावेत. याला अनुदान लागत नाही, प्रयोगशाळा लागत नाही. फक्त घरच्या म्हाताऱ्या माणसांशी बोलावे लागते.

यंदाचा कांदा लवकरच निघेल. संदेश पुन्हा येतील, आणि अण्णा मोबाइल माझ्यापुढे धरून पुन्हा तेच विचारतील. या वेळी मी म्हणेन, "चारांतल्या एका गावाला पडेल अण्णा, ते आपलंही असेल. झाकून ठेवू."