नोकरी करणारा चित्रकार

मराठी समीक्षेला चित्रकार एकटाच लागतो : पोटापाण्याच्या पाशातून सुटलेला, रिकाम्या खोलीत कॅनव्हाससमोर बसलेला. प्रभाकर बरवे यांचा ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) आपण बहुधा याच चष्म्यातून वाचतो. लेखकाचा चिंतनशील एकांत तेवढा उचलतो. त्याची नोकरी मात्र चरित्राच्या तळटीपेत जाते.

हे वाचन आम्हाला मान्य नाही. बरवे १९६१ पासून सुमारे दोन दशके विणकर सेवा केंद्रात होते. आधी वाराणसीला, मग मुंबईला. हातमागाच्या कापडासाठी संकल्पने करणे हे तेथले काम. अंबादास, गौतम वाघेला हे चित्रकारही या केंद्रांत काम करून गेले. म्हणजे पगार देणारी जागाच चित्रकारांना चित्रकारांचा सहवासही देत होती. तंत्रपरंपरेतील चिन्हे बरव्यांच्या चित्रांत आली तीही वाराणसीच्या वास्तव्यातून, म्हणजे नोकरीच्या गावातून! नोकरी चित्रकाराला मारते, हा लाडका सिद्धान्त येथे टिकत नाही.

प्रश्न एकट्या बरव्यांचा नाही. दौंड तालुक्यातील खुटबावसारख्या गावी दिवसा शाळेत चित्रकला शिकवून संध्याकाळी स्वतःचे चित्र रंगवणाऱ्याला आपण सहज ‘हौशी’ म्हणून मोकळे होतो. त्याला फुरसतीपेक्षा अधिक उणीव असते ती शेजारच्या टेबलावरील दुसऱ्या चित्रकाराची. एकांताचे गोडवे गाणाऱ्या समीक्षेला ती दिसणार कशी? चित्रकाराच्या मनात काय चालले होते हे विचारण्याआधी, त्याच्या शेजारी कोण बसत होते, एवढे तरी तिने विचारावे.