दुचाकीचे आरसे : शोभेचे आणि उपयोगाचे

सकाळी दहाच्या सुमारास पुण्यातील कोणत्याही मोठ्या चौकात पाच मिनिटे उभे राहावे आणि सिग्नलला थांबलेल्या दुचाकींच्या आरशांकडे तेवढे पाहावे. एकीचा डावा आरसा काढून टाकलेला असतो आणि त्याच्या भोकात पावसाचे पाणी साचलेले असते. दुसरीचे दोन्ही आरसे गर्दीत अडकू नयेत म्हणून आत वळवलेले असतात. त्यांत चालकाला फक्त स्वतःच्या सदऱ्याची बटणे दिसत असावीत. तिसरीचा आरसा आभाळाकडे तोंड करून बसलेला असतो. चौथ्या गाडीवरचा महाविद्यालयीन तरुण आरशाचा उपयोग करीत असतो खरा, परंतु तो भांग पाडण्यासाठी. पाचवीवर विड्याच्या पानाएवढे, टोकदार, काळ्या चकचकीत दांडीचे ‘फॅन्सी’ आरसे असतात. या पाचव्या प्रकाराविषयी मला विशेष बोलावयाचे आहे. कारण गेल्या पावसाळ्यापर्यंत माझ्या स्कूटरवर तेच होते.

मूळचा एक आरसा वाहनतळावर कोणीतरी धक्का देऊन फोडला, तेव्हा चिरंजीवांनी हौसेने ही नवी जोडी बसवून आणली होती. एका संध्याकाळी पत्नीला मागे बसवून मी घरी परतत होतो. पुढे खड्डा दिसला. उजवीकडे सरकण्यापूर्वी मी आरशात पाहिले. एक बस होती, परंतु बरीच लांब. मी सरकलो. पुढच्या तीन-चार सेकंदांत कर्कश हॉर्न, ब्रेकचा आवाज आणि आम्ही दोघे रस्त्यावर! मला खरचटण्यापलीकडे काही झाले नाही. पत्नीच्या पायाचे हाड मोडले आणि तीन महिने ती अंथरुणाला खिळून होती. बसचालकाचा दोष नव्हता. त्याने ब्रेक वेळेवर दाबला म्हणून हा लेख लिहिता येत आहे. ‘आरशात पाहून गाडी चालवावी’ हा उपदेश मला कोणी करू नये, कारण मी आरशात पाहिले होते.

मी विज्ञान शिक्षक आहे. ‘बहिर्गोल आरशाचा एक उपयोग लिहा’ या प्रश्नाचे ‘वाहनचालकास मागील वाहने दिसावीत म्हणून’ हे उत्तर मी कित्येक वर्षे मुलांकडून घोकून घेतले आहे आणि त्याला पुरा गुण दिला आहे. त्या उत्तराची दुसरी बाजू मात्र मी कधी वर्गात मांडली नव्हती. सपाट आरसा अंतराविषयी प्रामाणिक असतो, पण थोडेच दाखवतो. दहा सेंटिमीटर रुंदीचा सपाट आरसा डोळ्यापासून ७० सेंटिमीटरवर धरला तर मागचा जेमतेम ८ अंशांचा पट्टा दिसतो. तोच आरसा १२० सेंटिमीटर वक्रता त्रिज्येचा बहिर्गोल केला की हा पट्टा १८ अंशांच्या घरात जातो. ही मोठीच सोय आहे, परंतु तिची किंमत मोजावी लागते. प्रतिमा लहान होते, आणि लहान दिसणारी वस्तू दूर असते असे मानण्याची आपल्या डोळ्याला सवय आहे. वीस मीटरवरची बस या आरशात, सपाट आरशातल्या ४४ मीटरवरच्या बसएवढी दिसते. चांगल्या, प्रमाणित आरशातदेखील हे असेच होते. चालक सवयीने त्याचा हिशेब करू लागतो.

माझे ‘फॅन्सी’ आरसे मी पुढे शाळेच्या प्रयोगशाळेत नेले. स्फेरोमीटर लावला तेव्हा वक्रता त्रिज्या ५० सेंटिमीटरच्या आसपास भरली. आलेखाच्या कागदावर ठेवून चौकोन मोजले, तर क्षेत्रफळ ४० चौरस सेंटिमीटर. पन्नास सेंटिमीटरच्या त्रिज्येला वीस मीटरवरची बस ७७ मीटरवर असल्यासारखी भासते. बस माझ्यापेक्षा ताशी २० किलोमीटर अधिक वेगाने येत असेल, तर ती मला साडेतीन सेकंदांत गाठणार; आरसा मात्र सांगत होता की तुझ्याजवळ चौदा सेकंद आहेत. हे गणित वहीत मांडल्यानंतर बराच वेळ मला दुसरे काही सुचले नाही.

युरोपातील नियम या बाबतीत काटेकोर आहेत. मोटारसायकलींच्या आरशांसाठी संयुक्त राष्ट्रांच्या युरोपीय आर्थिक आयोगाचा ८१ क्रमांकाचा नियम आहे. त्यानुसार आरशाचे क्षेत्रफळ किमान ६९ चौरस सेंटिमीटर हवे, गोल आरसा असल्यास व्यास ९४ मिलिमीटरहून कमी नको, आणि वक्रता त्रिज्या १००० ते १५०० मिलिमीटर यांच्या दरम्यानच असावी. अमेरिकेचा नियम त्रिज्येबाबत बराच सैल आहे, ५०८ मिलिमीटरपर्यंत तो खाली येतो. परंतु आरशाचा मध्य गाडीच्या मध्यरेषेपासून ११ इंच तरी बाहेर असावा, असे तोही बजावतो. आपल्याकडे केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ आहेत आणि आरशांसाठी ए.आय.एस. ००१ व ००२ ही मानके आहेत. नवे वाहन कारखान्यातून बाहेर पडते तेव्हा त्याचे आरसे या कसोटीस उतरलेले असतात. गोंधळ त्यानंतरचा आहे. वाहनतळावर तो आरसा फुटतो आणि सुट्या भागांच्या दुकानातून त्याच्या जागी जे येते, त्याच्या वेष्टनावर त्रिज्या नसते, क्षेत्रफळ नसते. ‘स्टायलिश’ एवढे एक विशेषण असते. दुकानदाराला विचारावे तर तो गाडीचे नाव विचारतो आणि आटे जुळतात की नाही एवढे पाहतो.

ही बाब क्षुल्लक आहे असे कोणी म्हणेल. केंद्र सरकारच्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात देशात रस्ते अपघातांत १,६८,४९१ माणसे मृत्युमुखी पडली. त्यांपैकी ४४.५ टक्के दुचाकीवरची होती. सुमारे एकपंचमांश मृत्यू मागून बसलेल्या धडकेचे होते. यातील प्रत्येक धडक आरशाने टळली असती असा दावा मी करणार नाही. उभ्या मालमोटारीवर रात्री आदळणाऱ्याला आरसा काय वाचवणार? परंतु दिशा बदलताना मागचे न दिसल्यामुळे जे मरतात, त्यांच्या बाबतीत दोनअडीचशे रुपयांच्या वस्तूवर आयुष्य अवलंबून असते, हे नाकारता येणार नाही. आमच्या शहराने हेल्मेटसक्तीविरुद्ध आंदोलने केली. हेल्मेटमुळे बाजूचे आणि मागचे दिसत नाही, हा तेव्हाचा एक लाडका युक्तिवाद होता. तो तावातावाने मांडणाऱ्या किती जणांच्या गाड्यांना दोन्ही आरसे होते, हे कोणी मोजले असते तर बरे झाले असते!

मग घ्यावे तरी काय? पहिली गोष्ट म्हणजे आकार. तळहात झाकला जाईल एवढा आरसा असावा; गोल किंवा चौकोनी, निमुळता नको, कारण निमुळत्या कोपऱ्यातून काहीच दिसत नाही. दुसरी गोष्ट दांडीची. मूळच्या पुष्कळ आरशांत अर्धी जागा चालकाच्या कोपराने व्यापलेली असते. तेव्हा संपूर्ण आरसा बदलण्याऐवजी दांडीखाली बसणारा जोडतुकडा घेतला, तर आरसा तीन-चार सेंटिमीटर बाहेर सरकतो आणि कोपराच्या जागी रस्ता दिसू लागतो. मला स्वतःला हा सर्वांत शहाणपणाचा खर्च वाटतो. दांडी फार लांबवू नये, कारण ती थरथरू लागते. १९११ साली इंडियानापोलिसच्या पहिल्या पाचशे मैलांच्या शर्यतीत रे हॅरून मागे पाहणारा सोबती न घेता, मोटारीला आरसा लावून उतरला आणि जिंकला. विटांच्या त्या मार्गावर आरसा इतका हादरत होता की त्यात काही दिसतच नव्हते, असे पुढे त्यानेच सांगितल्याचे म्हणतात. एका सिलिंडरच्या मोटारसायकलवर ज्यांनी विशिष्ट वेगाला मागची मोटार धुक्यासारखी विरघळताना पाहिली आहे, त्यांना हे पटेल. अशा वेळी जड डोक्याचा आरसा आणि घट्ट आवळलेला चेकनट यांचा उपयोग होतो.

हँडलच्या टोकाला बसणाऱ्या आरशांची सध्या चलती आहे. ते कोपराखालून मोकळा रस्ता दाखवतात हे खरे. परंतु नजर फार खाली न्यावी लागते आणि गाडीची रुंदी वाढते. लक्ष्मी रस्त्यावर ते कितपत टिकतील, याची मला शंका आहे. घडी होणारे आरसे मात्र वाहनतळाच्या दुखण्यावर खरोखरच चांगला उपाय आहेत. लहान गोल चिकटवायचे आरसे मोटारीला ठीक; दुचाकीच्या आधीच तोकड्या आरशात ते जागा अडवतात आणि त्यांची वक्रता तर आणखीच फसवी. निळसर काचेने मागच्या दिव्याचा त्रास कमी होतो, पण अंधाऱ्या रस्त्यावर मागचा सायकलस्वारही कमी दिसतो. आणि डावा आरसा हवाच. डावीकडून कोणी ओलांडत नाही, हे फक्त नियमांच्या पुस्तकात! जाता जाता एक सूचना : काही गाड्यांच्या, विशेषतः यामाहाच्या, उजव्या आरशाला उलटे आटे असतात. हे ठाऊक नसलेला हौशी माणूस जोर लावतो आणि आटे मारून ठेवतो.

उत्तम आरसाही बसवण्यात चुकला तर व्यर्थ आहे. गाडी मधल्या स्टँडवर असताना नव्हे, तर आपण नेहमीसारखे बसलेले असताना आणि गाडी सरळ उभी असताना तो लावावा. क्षितिज मध्यावर, आतल्या कडेला खांद्याची पुसट रेघ, बाकी सारा रस्ता. मग घरातील कोणाला तरी मागून बाजूने चालत यावयास सांगावे. तो आरशातून नाहीसा होतो कोठे आणि डोळ्याच्या कोपऱ्यात प्रकटतो कोठे, हे पाहावे. या दोन ठिकाणांमधील अंतरात एक संपूर्ण मोटारसायकल मावते. ती पाहण्याचा उपाय कोणत्याही दुकानात मिळत नाही; वळण्यापूर्वी मान वळवावीच लागते. एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाकींचे पुढचे दिवे दिवसाही पेटते राहतात, त्यामुळे आरशात त्या चटकन लक्षात येतात. बसचे आणि रिक्षाचे तसे नाही.

शासनाने काही करावयाचे असेल तर नवा कायदा नको. आरसा नसल्याबद्दल दंड आहेच. मोटार वाहन कायद्याच्या १७७ व्या कलमाखाली २०१९ च्या दुरुस्तीनंतर तो पहिल्या वेळी ५०० रुपयांपर्यंत आहे. परंतु ४० चौरस सेंटिमीटरचा आरसा लावणाऱ्याला पोलीस अडवत नाही, कारण त्याच्या लेखी आरसा आहे. सुट्या विकल्या जाणाऱ्या आरशाच्या काचेवर वक्रता त्रिज्या आणि मानकाचा क्रमांक ठसठशीत कोरलेला असावा, आणि तो नसेल तर दुकानदाराला जाब विचारावा. परवान्याच्या परीक्षेत उमेदवाराकडून आठचा आकडा काढून घेतात, पाय टेकला की तो नापास; वळण्यापूर्वी त्याने आरशात पाहिले काय, याची नोंद घेतल्याचे माझ्या पाहण्यात नाही. ती घ्यावयास पैसा लागत नाही.

माझ्या स्कूटरवर आता मूळच्या घडणीचे आरसे आहेत, तीन सेंटिमीटर बाहेर सरकवलेले. चिरंजीवांच्या मते ते बैलाच्या शिंगांसारखे दिसतात. पत्नी अजून मागे बसत नाही. ती रिक्षाने येते.