दोन स्कूटर आणि तिसरा कागद

आमच्या महाविद्यालयात तासिका तत्त्वावर शिकविणारे एक तरुण सहकारी गेल्या आठवड्यात दोन रंगीत माहितीपत्रके घेऊन प्राध्यापक-कक्षात आले. एक ॲक्टिव्हाचे, दुसरे ज्युपिटरचे. "सर, यांतली कोणती घेऊ?" हा त्यांचा प्रश्न. हडपसरहून शिवाजीनगर, रोज जाऊन-येऊन वीस किलोमीटर. दोन बस बदलून पहिला तास गाठताना होणारी ओढाताण त्यांना आता सोसवत नाही. मग काय, चहा थंड होईपर्यंत कक्षात दोन तट पडले. पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापकांनी इंजिनांची तुलना केली, कार्यालयातील वरिष्ठ लिपिकांनी पुनर्विक्रीच्या किमतीचा दाखला दिला. निर्णय मात्र झाला नाही.

तो होणे कठीणच होते. एका वाहनाचे इंजिन १०९.५१ सीसीचे, तर दुसऱ्याचे २०२४ सालच्या नव्या रूपात ११३.३ सीसीचे, शक्ती दोहोंची आठ अश्वशक्तीच्या आसपास, किंमतही एकमेकीला खेटून. हॅरल्ड हॉटेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९२९ साली दाखवून दिले की, एकाच रस्त्यावरचे दोन दुकानदार अधिकाधिक गिऱ्हाईक मिळविण्याच्या ओढीने रस्त्याच्या मध्याकडे सरकत सरकत अखेर एकमेकांना चिकटून बसतात. मालाच्या गुणांचेही तसेच होते. पेट्रोल भरण्याचे झाकण बैठकीखालून बाहेर आणण्याची सोय एकाने केली की यथावकाश दुसराही ती करतो. आणि आपण उरलेल्या तीळभर भेदावर तासन् तास वाद घालीत राहतो.

माझ्या वडिलांच्या पिढीला हा पेच ठाऊक नव्हता. १९७२ साली बाजारात आलेली चेतक आणि साताऱ्याच्या महाराष्ट्र स्कूटर्समध्ये तयार होणारी प्रिया या दोघी तर एकाच घराण्यातल्या; परंतु निवड करावयाची ती गाडीची नव्हे, प्रतीक्षायादीची. परवाना पद्धतीच्या त्या काळात नंबर लावल्यावर वर्षानुवर्षे वाट पाहावी लागे आणि ज्यांना धीर नसे ते अधिक रक्कम मोजून दुसऱ्याचा नंबर विकत घेत. म्हणजे छापील किमतीखेरीज आणखी एक किंमत होती आणि ती सर्वांना दिसत होती. आज प्रतीक्षा संपली आहे. ती दुसरी किंमत मात्र नाहीशी झालेली नाही; तिने जागा बदलली आहे, एवढेच.

ती कोठे गेली, हे पाहण्यासाठी थोडा हिशेब करू. वर्षाचे तीनशे दिवस धरले तर आमच्या सहकाऱ्यांची धाव सहा हजार किलोमीटर होईल. समजा, एक गाडी लिटरला ४५ किलोमीटर धावते आणि दुसरी ४८. पेट्रोल शंभर रुपये लिटर धरल्यास वर्षाचा फरक भरतो सुमारे ८३३ रुपये, म्हणजे महिन्याला सत्तर. ज्या 'ॲव्हरेज'वरून मित्रांत अबोला धरला जातो, त्याची एकूण मातब्बरी ही एवढी.

आता कर्जाकडे वळू. गाडी रस्त्यावर येईपर्यंत लाखाच्या घरात जाते. त्यातले ऐंशी हजार तीन वर्षांच्या हप्त्यांवर घ्यावयाचे. दुकानातल्या टेबलाशी बसलेला गृहस्थ "फक्त दहा टक्के" म्हणतो. हे दहा टक्के घटत्या शिलकीवर असतील तर हप्ता सुमारे २,५८० रुपये पडतो आणि तीन वर्षांचे एकूण व्याज तेरा हजारांच्या आत राहते. परंतु हाच दर 'फ्लॅट' असेल, म्हणजे मुद्दल फिटत आले तरी व्याज अखेरपर्यंत मूळ ऐंशी हजारांवरच आकारले जाणार असेल, तर व्याज होते २४ हजार आणि हप्ता जवळजवळ २,८९० रुपये. फरक अकरा हजारांचा. घटत्या शिलकीच्या भाषेत हा दर दहा नव्हे, सुमारे अठरा टक्के आहे. लिटरमागे तीन किलोमीटर वाचवून हे अकरा हजार भरून काढावयाचे तर तेरा वर्षे लागतील; तोवर गाडी भंगारात गेलेली असेल.

विम्याचेही तसेच. नव्या दुचाकीसाठी पाच वर्षांचा त्रयस्थ-पक्ष विमा सप्टेंबर २०१८ पासून सक्तीचा आहे. परंतु स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा विक्रेत्याने सांगितलेल्या कंपनीकडूनच घेतला पाहिजे, असे मुळीच नाही.

नियम नाहीत, असे नाही. रिझर्व्ह बँकेच्या आदेशानुसार १ ऑक्टोबर २०२४ पासून बँका आणि वित्तकंपन्यांनी अशा प्रत्येक कर्जदाराला मुख्य तथ्यांचे विवरणपत्र द्यावयाचे आहे. त्यात सर्व आकारांसह पडणारा वार्षिक दर नमूद हवा आणि ते कर्जदाराला समजेल अशा भाषेत हवे. मराठीत मागितले तर मराठीत. प्रश्न मागण्याचा आहे. नव्या गाडीची किल्ली समोर दिसत असता कागद वाचावयास थांबणारे थोडे.

मला अधिक खटकते ती गोष्ट निराळी आहे. कायम सेवेतील प्राध्यापक आणि लिपिक पतसंस्थेचे सभासद असतात; त्यांना घटत्या शिलकीवर कर्ज मिळते, हप्ता परस्पर पगारातून कापला जातो. तासिका तत्त्वावरील शिक्षकाला हे दार बहुधा बंद. त्याचे मानधन कित्येकदा तीन-चार महिन्यांचे एकत्र हाती पडते आणि हप्त्याची तारीख तर दर महिन्याला येते; चुकली की दंड. वर्गात तोच अभ्यासक्रम शिकवून, तीच स्कूटर घेऊन, कमी मिळविणाऱ्याने अधिक किंमत द्यावयाची, हा कोणता न्याय? सहकार कायद्यात नाममात्र सभासदाची तरतूद आहे. जामिनाची वाजवी अट घालून पतसंस्थांनी या मंडळींसाठी ती वापरण्याचा विचार करावयास काय हरकत आहे? येत्या वार्षिक सभेत हा ठराव मांडण्याचा माझा मानस आहे. त्याला विरोध होणार, हेही ठाऊक आहे.

राहिला मूळ प्रश्न. नव्या ज्युपिटरची दोन्ही चाके बारा इंचांची, तर ॲक्टिव्हाचे मागचे दहा इंचांचे. आपल्या खड्ड्यांत मोठे चाक बरे. बैठकीखाली दोन शिरस्त्राणे मावतात, हीही सोय कमी नव्हे. उलट घराजवळ ओळखीचा कारागीर ॲक्टिव्हाचाच असेल, तर एवढ्यासाठी त्याला सोडू नये. इतपत सांगून मी सहकाऱ्यांना म्हटले, "तुम्ही गाडी कोणतीही घ्या, पण आधी ते विवरणपत्र घेऊन या." काल ते पुन्हा भेटले. रंग पक्का झाला होता. विवरणपत्राविषयी विचारले, तेव्हा म्हणाले, "सर, ते गाडी दिल्यावर देतो म्हणाले." आज संध्याकाळी आम्ही दोघे दुकानात जाणार आहोत.