आधी खिडकी, मग टाइल्स

उन्हाळा लागला की आपल्या वस्त्यांमध्ये बांधकामं सुरू होतात. गल्लीच्या तोंडाशी वाळूचा ढीग पडतो, विटांचा ट्रॅक्टर अडकतो, पाण्याच्या पिंपावरून शेजारणींची कुरबुर होते. कुणाला रमाई आवासचं घरकुल मंजूर झालेलं असतं, कुणी भिशी उचललेली असते, कुणाचा फंड आलेला असतो. पावसाच्या आत स्लॅब पडला पाहिजे, एवढी एकच घाई असते.

आरोग्याच्या पानावर घराच्या बांधकामाचं काय काम, असं कुणी विचारेल. आम्ही पंधरा वर्षं दवाखान्यात नर्स म्हणून काढली आणि नंतरची वर्षं वस्त्यांमधून फिरण्यात घालवत आहोत. दवाखान्यात पेशंट दिसायचा, घर दिसत नव्हतं. आता घर दिसतं आणि पेशंट का झाला ते लगेच कळतं. एकाच घरात सासऱ्यांना टीबी, मग सुनेला, मग नातवाला. आत जाऊन पाहावं तर दहा बाय बाराची खोली, एक दार, खिडकी नावालासुद्धा नाही. जिथं खिडकी होती तिथं आता टीव्हीचं शोकेस.

दुसऱ्याचं कशाला, आमचंच सांगतो. बारा वर्षांपूर्वी आम्ही घर बांधलं. आयुष्यभर पत्र्याखाली काढलेलं, त्यामुळे घर कसं झकास दिसलं पाहिजे ही हौस. चकचकीत पांढऱ्या टाइल्स घातल्या, पुढच्या खोलीला पीओपी केलं. मोरीच्या तोंडाशी खरबरीत फरशी घाला, असं म्हातारा गवंडी सांगत होता. पांढऱ्या टाइल्सच्या मध्ये काळा तुकडा वाईट दिसेल म्हणून आम्ही ऐकलं नाही. दुसऱ्याच पावसाळ्यात सासूबाई ओल्या पायानं मोरीतून बाहेर आल्या आणि घसरल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, दोन महिने अंथरुणात गेले, पुढं कायमचा वॉकर. विहारात पहिल्या रांगेत बसणारी बाई घराचा उंबरा ओलांडेनाशी झाली. नर्स असून आम्हाला हे कळू नये, याची बोचणी आजही आहे. म्हणून हे लिहितो आहोत.

आमचं म्हणणं एवढंच आहे की आपल्या घरबांधणीत पैसा उलट्या क्रमानं खर्च होतो. जे पाहुण्याला दिसतं त्यावर आधी, आणि जे शरीराला लागतं त्यावर उरलं तर. शेवटी उरत काहीच नाही. मग खिडकी लहान होते, संडासाचा खड्डा उथळ होतो, अर्थिंग राहूनच जातं.

यावर वस्तीतल्या बायका आम्हाला एक प्रश्न विचारतात आणि तो खोटा नाही. त्या म्हणतात, "ताई, आमच्या आज्यापणज्यांना गावाबाहेर ठेवलं, पक्की भिंत बांधली तर डोळ्यात खुपायची. आता दोन पैसे आलेत तर आमचं घर देखणं का नको?" देखणं हवंच. चांगल्या घरात राहणं हा मानाचा भाग आहे आणि तो मान कुणी फुकट दिलेला नाही. पण टाइल्स पाच वर्षांनी बदलता येतात, पडदे पुढच्या बोनसला घेता येतात. भिंतीत न ठेवलेली खिडकी आणि घराखाली चुकीचा बांधलेला खड्डा मात्र जन्माचा राहतो. जे नंतर बदलता येत नाही त्यावर आधी खर्च करा, हा हिशेब आहे.

खिडकी

टीबीचे जंतू खोकल्यातून हवेत जातात आणि कोंदट खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. हवा खेळती असली की ते विरतात, उन्हात मरतात. औषध सरकारी दवाखान्यात फुकट मिळतं, पण सहा महिने गोळ्या खाऊन बरा झालेला माणूस परत त्याच कोंदट खोलीत झोपतो आणि तोवर बाकीच्यांना लागण झालेली असते.

किती खिडकी ठेवायची? देशाच्या इमारत संहितेचा साधा नियम असा की कोरड्या, उष्ण भागात खोलीच्या जमिनीच्या निदान एक दशांश एवढी उघडी जागा हवी आणि दमट भागात एक षष्ठांश. दहा बाय बाराची खोली १२० चौरस फुटांची. म्हणजे मराठवाडा-विदर्भात १२ चौरस फूट, दोन बाय तीनच्या दोन खिडक्या. कोकणात, मुंबईत २० चौरस फूट, म्हणजे तशा तीनपेक्षा जास्त. दोन्ही खिडक्या एकाच भिंतीत नकोत. समोरासमोर असल्या तर वारा आत शिरून बाहेर पडतो.

तीन बाजूंना शेजाऱ्याच्या भिंती असतील तर? वस्तीत बहुतेकांचं असंच असतं. मग दारावर जाळीचा झरोका ठेवा आणि मागच्या बाजूला छताजवळ दुसरा. गरम हवा वर चढते आणि वरून निघून जाते. पत्र्याचं छत असेल तर वाऱ्यानं फिरणारा गोल पंखा बसवता येतो, त्याला वीज लागत नाही. खिडकीला पडद्याच्या आधी डासांची जाळी लावा. नाहीतर संध्याकाळी डास येतात म्हणून खिडकी बंद होते ती बंदच राहते.

मिस्त्री सांगेल की अमुक दिशेला खिडकी नको, तमुक कोपऱ्यात संडास नको, वास्तूला चालत नाही. आपल्या घरांत हे पुन्हा शिरतं आहे याचं वाईट वाटतं. दिशा जरूर पाहा, पण वाऱ्याची आणि उन्हाची पाहा. पश्चिमेची भिंत दुपारनंतर तापते. पावसाळी वारा आपल्याकडे पश्चिम-नैऋत्येकडून येतो, तिकडच्या खिडकीवर सज्जा हवा. एवढं वास्तुशास्त्र पुरे.

संडास आणि त्याचा खड्डा

इथं आम्ही जास्त वेळ घेणार आहोत, कारण हा फक्त रोगाचा प्रश्न नाही.

वर गुळगुळीत टाइल्स आणि खाली एकच खोल खड्डा, असं काम सर्रास होतं. तो भरला की उपसायचा कुणी? कुणीतरी चारशे-पाचशे रुपयांसाठी आत उतरतो. तो बहुतेक वेळा आपल्याच नाहीतर आपल्यासारख्याच दुसऱ्या वस्तीतला असतो. आत विषारी वायू असतो, प्राणवायू नसतो. पहिला बेशुद्ध पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. २०१३ च्या कायद्यानं हातानं मैला साफ करायला लावणं आणि सुरक्षा साधनांशिवाय टाकीत माणूस उतरवणं गुन्हा ठरवलं आहे. पण आपण घर बांधतानाच असा खड्डा केला की त्यात पुढं माणूसच उतरावा लागेल, तर तो गुन्हा आपण जोत्यातच पुरून ठेवतो.

अंगणात जागा असेल तर दोन शोषखड्ड्यांचा संडास करा. पाच-सहा माणसांच्या घराला साधारण एक मीटर व्यासाचे आणि एक मीटरहून थोडे खोल दोन खड्डे पुरतात. दोन्ही खड्ड्यांत मीटरभर अंतर ठेवा. एका वेळी एकच खड्डा वापरायचा. तो काही वर्षांनी भरला की चेंबरमधून पाणी दुसऱ्याकडे वळवायचं. पहिला बंद ठेवला की दीड-दोन वर्षांत त्याचं कोरडं, वास नसलेलं खत होतं. ते फावड्यानं काढता येतं, कुणाला घाणीत उतरावं लागत नाही. विहीर किंवा हातपंप निदान दहा मीटर लांब हवा, खडकाळ जमिनीत त्याहून लांब. भांडं जास्त उताराचं, ग्रामीण पद्धतीचं घ्या, दीड-दोन लिटर पाण्यात साफ होतं. पाणी डोक्यावरून आणणाऱ्या बाईला याची किंमत विचारा.

शहरातल्या दाट वस्तीत दोन खड्ड्यांना जागा नसते. तिथं आधी नगरपालिकेच्या भुयारी गटाराला जोडणी मिळते का ते विचारा. नसेल तर सेप्टिक टँक. पण त्याचं झाकण स्वयंपाकघराच्या फरशीखाली गाडू नका. टँकरचा पाइप पोचेल अशा जागी, उघडता येईल असं ठेवा आणि दोन-तीन वर्षांनी मशिननंच उपसून घ्या. टाकीचं सांडपाणी उघड्या नालीत सोडलं तर सगळ्या गल्लीला जुलाब आणि कावीळ. व्हेंट पाइपच्या तोंडाला जाळी बांधा, डास तिथूनच निघतात.

संडासात बसणाऱ्याच्या उजव्या हाताला भिंतीत एक मजबूत लोखंडी दांडा गवंड्याकडून आत्ताच बसवून घ्या. गरोदर बाईला, गुडघे दुखणाऱ्या आईला आणि उद्या आपल्यालाही तो लागणार आहे.

फरशी, छत, रंग, वीज

मोरी, संडास आणि त्यांच्या दारापुढचे तीन फूट, इथं चकचकीत टाइल नको. खरबरीत टाइल किंवा न घासलेली शहाबादी फरशी घाला. ती स्वस्तही पडते. बाकी घरात हौस करा.

छताला सिमेंटचे पत्रे घेणार असाल तर विकत घेताना विचारा की त्यात ॲस्बेस्टॉस आहे का. त्याची धूळ फुफ्फुसाला घातक आहे आणि कॅन्सर करते. जुने पत्रे असतील तर कोरडे कापू नका, फोडू नका, लेकरांना जवळ येऊ देऊ नका. छत कसलंही असो, उन्हाळ्याआधी वरून पांढऱ्या चुन्याचे दोन हात मारले की घर कमी तापतं. एवढ्या कमी पैशात एवढं काम करणारी दुसरी वस्तू नाही.

रंगाच्या डब्यावर शिसं किती ते वाचा. २०१७ पासून घरगुती रंगात दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त शिसं चालत नाही. रांगतं मूल भिंतीचे पोपडे तोंडात घालतं आणि शिसं त्याच्या मेंदूवर जातं. सुटा, नाव-गाव नसलेला ऑइल पेंट घेऊ नका.

अर्थिंग आणि शॉक बसताच वीज तोडणारा स्विच, म्हणजे मिस्त्री ज्याला ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात तो ३० मिलिअँपिअरचा, हे दोन्ही झाल्याशिवाय वायरमनचे पूर्ण पैसे देऊ नका. पावसात पत्र्यात करंट उतरून माणसं दगावतात, हे आपण पाहतो.

पाण्याच्या टाकीला घट्ट झाकण हवं. डेंगूचा डास स्वच्छ पाण्यातच अंडी घालतो आणि आठ-दहा दिवसांत नवे डास तयार होतात, म्हणून पिंपं आठवड्यातून एकदा कोरडी करा. चूल पेटत असेल तर तिच्यावर धुराडं पाहिजेच. गॅस असला तरी ओट्याजवळ खिडकी पाहिजे.

सामान आणि कर्ज

वास्तविक घरात झोपायला कोरडी जागा, उंचावर धान्य आणि खाली झाडता येईल असा लोखंडी पलंग एवढं असलं की निम्मं आरोग्य झालं. भिंतीला चिकटवलेला बॉक्सचा दिवाण ओल धरतो, त्यात झुरळं होतात, दमेकऱ्याला त्रास वाढतो.

सोफा आणि फ्रिजसाठी फायनान्सचं कर्ज काढण्याआधी कागदावर हिशेब मांडा. ५० हजार रुपये वर्षाला २४ टक्क्यांनी दोन वर्षांसाठी घेतले तर महिन्याचा हप्ता साधारण २,६४० रुपये होतो आणि एकूण ६३ हजारांच्या वर भरावे लागतात. हप्त्याचा दिवस आला की घरातलं पहिलं काय कमी होतं? दूध, अंडी आणि डाळ. आम्ही हिमोग्लोबिन तपासतो तेव्हा तो हप्ता बाईच्या रक्तात दिसतो.

घरकुलाचे पैसे एकदम मिळत नाहीत, काम जसं पुढं सरकेल तसे टप्प्याटप्प्यानं येतात. म्हणून जोत्याच्या टप्प्यातच खड्डा आणि नाली, भिंतीच्या टप्प्यात खिडक्या आणि अर्थिंग, असं वाटून घ्या. रमाई आवासचं घर किमान २६९ चौरस फुटांचं असतं. एवढ्या जागेतही वर सांगितलेलं सगळं बसतं, फक्त ते आधी ठरवावं लागतं.

माता रमाईंची चार लेकरं लहानपणीच गेली. त्यांच्या नावाच्या योजनेतून उभ्या राहणाऱ्या घरात लेकरू हवेअभावी, घाण पाण्यानं आजारी पडू नये, एवढी तरी आपण काळजी घ्यावी.

आणि एक विनंती पुरुष मंडळींना. नकाशा ठरवताना, मिस्त्रीशी बोलताना घरातल्या बाईला आणि म्हाताऱ्या माणसाला समोर बसवा. दिवसाचे जास्तीत जास्त तास त्या घरात तीच काढणार आहेत. ओटा किती उंच हवा, पाणी कुठून आणावं लागतं, रात्री संडासाला जाताना कुठं ठेच लागते, हे त्यांना माहीत असतं आणि त्यांना कुणी विचारत नाही. आमच्या सासूबाईंना आम्ही टाइलबद्दल विचारलं असतं तर त्या नको म्हणाल्या असत्या. त्यांना चकचकीत फरशीची भीती वाटायची, हे त्यांनी आम्हाला ऑपरेशननंतर सांगितलं.

ज्यांचं काम या उन्हाळ्यात सुरू होतंय, त्यांनी वहीच्या पानावर घराचा साधा आराखडा काढून आपल्या वस्तीतल्या आशाताईला किंवा नर्सबाईला दाखवावा. रविवारच्या वंदनेनंतर विहारात अर्धा तास बसलं तरी खूप होतं. जोता भरण्याआधी या, नंतर आलात तर आमच्या हातात फक्त गोळ्या उरतात.