ओठांना चिल्ला मानवत नाहीं

कलेच्या बाबतींत आमच्याकडे एक समजूत फार खोल रुजलेली आहे. जितका देहाचा छळ अधिक, तितकी विद्या अधिक, अशी ती समजूत होय. अमक्या उस्तादानें चाळीस दिवस खोलीबाहेर पाऊल टाकलें नाहीं, तमक्यानें शेंडी खुंटीला बांधून रात्रीच्या रात्री रियाज केला, तिसऱ्याच्या बोटांतून रक्त आलें तरी तो थांबला नाहीं, अशा दोन-चार कथा सांगितल्यावांचून आमच्या संगीतप्रेमी मंडळींची बैठक पुरी होत नाहीं. ह्या कथांतल्या खऱ्या किती आणि शिष्यांनीं भक्तिभावानें वाढविलेल्या किती, हा प्रश्न आम्ही येथें काढीत नाहीं. तबल्याच्या किंवा सतारीच्या बाबतींत त्या उपकारकही असतील. आमचें म्हणणें एवढेंच आहे कीं, हा चिल्ल्याचा धर्म फुंकीच्या वाद्यांना, त्यांतही ट्रंपेटाला, आणि त्यांतही पुष्कळ वर्षांनीं ट्रंपेटाकडे परतणाऱ्या माणसाला लागू करणें हें शुद्ध अज्ञान आहे. आणि ह्या अज्ञानापायीं चांगलीं चांगलीं माणसें आपलें वाद्य दुसऱ्यांदा, व बहुधा कायमचें, पेटींत घालीत आहेत.

अशीं परतणारीं माणसें वाटतात तितकीं थोडीं नाहींत. गोव्यांत चर्चच्या शाळेंत लहानपणीं स्वरलिपी गिरवलेला, पुढें मुंबईस नोकरीला लागलेला एखादा गृहस्थ. शाळेच्या किंवा लष्कराच्या बँडांत चार वर्षें काढून नंतर संसाराला जुंपलेला दुसरा. लग्नसराईंत वाजविणारा आणि पावसाळ्यांत काम थंडावल्यावर शेतावर जाणारा तिसरा. पहिल्या दोघांची पेटी वीस वर्षांनीं माळ्यावरून खालीं येते, तिसऱ्याची दर वर्षीं. हें वाद्य परकें म्हणून त्यांची गोष्ट बाजूस सारण्याचीही सोय नाहीं. हळदोण्याचे अँतोनियो झेवियर वाझ ऊर्फ चिक चॉकलेट हे सी. रामचंद्रांच्या 'अलबेला' (१९५१) ह्या चित्रपटांत आपल्या ताफ्यासह पडद्यावरही दिसले. तेव्हांपासून, किंबहुना त्याच्याही आधींपासून, ट्रंपेटाचा सूर आमच्या कानांना ओळखीचा आहे. कान ओळखतात; पण तो सूर निघतो कसा, ह्याचा विचार मात्र आम्हीं कधीं केला नाहीं.

पेटी खालीं आली, कीं परतणाऱ्याला दोन प्रकारचे उपदेशक भेटतात. पहिला म्हणतो, "रोज दोन तास बसा, ओठ सुजले तरी सोडूं नका, मोडल्याशिवाय घडत नाहीं." दुसरा अधिक गोड बोलतो. तो हल्लीं बहुधा मोबाइलच्या पडद्यावर असतो, आणि त्याचें म्हणणें असें, कीं तीस दिवसांत एक क्षण असा येईल कीं सारें एकाएकीं उघडेल. वरवर पाहतां हे दोघे परस्परविरुद्ध दिसतात. वस्तुतः ते एकाच दुकानाचे भागीदार आहेत. छळ ही किंमत आणि चमत्कार हा माल. किंमत मोजली म्हणजे माल मिळालाच पाहिजे, असा हा हिशेब आहे. माल न मिळाल्यास दोष दुकानाचा ठरत नाहीं, गिऱ्हाइकाचा ठरतो: त्याचें वय झालें, त्याला मुळांत गळाच नव्हता, त्याची निष्ठा कमी पडली. ह्या निकालानें जें नुकसान होतें, त्याच्यासाठीं हा लेख आहे.

आतां वाद्याकडे पाहूं. हार्मोनियमला प्रत्येक स्वराची पट्टी निराळी असते. ती दाबली कीं तो स्वर निघालाच. ट्रंपेटाला कळा अवघ्या तीन. एकही कळ न दाबतां त्याच नळींतून षड्ज निघतो, पंचम निघतो, वरचा षड्ज, वरचा गांधार, वरचा पंचम हेही निघतात. बोटें स्वस्थ असतां हे पांच स्वर कोण निवडतो? ओठ. माउथपीसच्या वाटीला टेकलेले दोन ओठ श्वासाच्या झोतानें थरथरतात. ४४० कंपनांचा जो स्वर जगभर सूर जुळविण्यासाठीं धरतात, त्याला ते एका सेकंदांत ४४० वेळां थरथरतात. वरचा स्वर हवा असेल तर ती थरथर अधिक जलद व्हावी लागते, आणि त्यासाठीं ओठांभोंवतींच्या लहानशा स्नायूला आपली बैठक नेमकी सांभाळावी लागते. तो स्नायू दमला, कीं वादकाचा हात नकळत वाद्य ओठांवर दाबूं लागतो. दाबल्यानें वरचा स्वर कसाबसा निघतो खरा. पण त्याच दाबानें ओठांतला रक्तप्रवाह अडतो, ते बधिर होतात, दांतांचे वण आंतून उमटतात, आणि पुढच्या स्वराला आणखी दाबावें लागतें. हें कर्ज काढून व्याज फेडण्यासारखें आहे. ह्या अवस्थेंत दोन तास बसण्यानें ओठ घडत नाहींत. ते दाबाची संवय तेवढी घट्ट करतात.

नवशिक्यापेक्षां परतणाऱ्याचा धोका येथें मोठा आहे. नवशिक्याला आपलें वाजविणें किती वाईट आहे हेंच पुरतें कळत नसतें. परतणाऱ्याचा कान शाबूत असतो. बोटांनाही बहुतेक सारें आठवतें. विसरलेले असतात ते एकटे ओठ. डोक्यांत पंचविशींतला सूर वाजत असतो आणि पितळेंतून पन्नाशींतली घरघर बाहेर येते. ह्या दोहोंमधलें अंतर सहन होत नाहीं म्हणून तो दाबतो. म्हणजे ज्या स्मृतीनें त्याला वाद्याकडे परत आणलें, तीच त्याच्या ओठांवर उठते.

आमचा स्वतःचा अनुभव सांगितल्यावांचून येथें गत्यंतर नाहीं. आम्हीं हें वाद्य बावीस वर्षांनीं हातीं घेतलें, आणि चिल्ल्याच्या कथांवर वाढलों असल्यामुळें पहिले तीन महिने दररोज ओठ बधिर होईपर्यंत वाजविलें. सूर मधल्या षड्जाच्या वर चढेना. अखेर एका वृद्ध बँडमास्तरांपुढें जाऊन बसलों. त्यांनीं अर्धा मिनिट ऐकून हात वर केला आणि म्हटलें, "अहो, तुम्ही वाजवीत नाहीं, ढकलतां आहां." त्यांनीं सांगितलेला उपाय आम्हांस अपमानास्पद वाटला: दिवसांतून तीनदां दहा-दहा मिनिटें, तेंही शेजारच्या खोलींत ऐकूं जाणार नाहीं इतक्या हळू आवाजांत, आणि जितका वेळ वाजवाल तितकाच वेळ वाद्य मांडीवर. सात आठवडे असे गेले. मध्यंतरीं तापानें चार दिवस वाद्य सुटलें. पांचव्या दिवशीं सकाळीं, कांहीं अपेक्षा नसतां, वरचा गांधार निघाला. निघाला म्हणजे आम्हीं काढला नाहीं. दार ढकलावयास गेलों तों तें उघडेंच होतें.

हा तो प्रसिद्ध क्षण. तो खोटा आहे असें आम्ही म्हणत नाहीं. त्या सकाळचा आनंद आम्ही कशाशींही बदलणार नाहीं. पण त्यानंतर आम्हीं काय केलें, तें ऐकण्यासारखें आहे. आम्हीं तो गांधार त्याच दिवशीं चाळीस वेळां वाजविला. संध्याकाळीं पंचमाला हात घातला. दुसऱ्या दिवशीं गांधार नाहीं, मधला षड्जही धड नाहीं. आणि तो गांधार पुन्हां भेटावयास सोळा दिवस लागले. चमत्काराची ज्याला चटक लागली त्याची गत ही अशी होते.

ह्या क्षणाचा अर्थ उपदेशकांनीं उलटा लावला आहे. त्यांच्या मतें तो जोराचें फळ. आमच्या मतें जोर सुटल्याची खूण. स्नायू काम करतांना झिजतो आणि विश्रांतींत भरून येतो. शिकलेली हालचाल झोपेंत पक्की होते, हें गेल्या कांहीं दशकांतील संशोधनानें दाखविलें आहे. म्हणून ताप आला त्या चार दिवसांत आमचें कांहीं बुडालें नाहीं. उलट सात आठवड्यांची जमा तेव्हां खात्यावर चढली. क्षण अचानक येतो तो आम्हांस दिसण्यापुरता. बियाणें जमिनींत फुगत असतां कोणी पाहत नाहीं, आणि कोंब दिसला कीं म्हणतात, रात्रींत उगवलें.

ज्यांना आमचा अनुभव क्षुद्र वाटेल त्यांनीं थोरांकडे पाहावें. लुई आर्मस्ट्राँगएवढा बलवान् ट्रंपेटवादक विसाव्या शतकानें क्वचित् पाहिला. पण १९३५ च्या आरंभीं युरोपांतून अमेरिकेस परतल्यावर ओठांच्या दुखण्यामुळें त्याला कांहीं महिने वादन बंद ठेवावें लागलें. ट्रंपेटवादकांच्या ओठाचा स्नायू फाटतो त्या विकाराला १९८२ सालीं एका शस्त्रवैद्यानें त्याच्याच टोपणनांवावरून 'सॅच्मो सिंड्रोम' असें नांव दिलें. फ्रेडी हबर्डचा वरचा ओठ १९९२ सालीं फुटला. तशांत तो वाजवीत राहिला, जखम चिघळली, आणि २००८ सालीं त्याचा अंत होईपर्यंत पूर्वीचें वैभव त्याला परत मिळालें नाहीं. रक्त आलें तरी न थांबणारांच्या यादींत ही नांवें कोणी घालीत नाहीं, कारण ह्या कथांचा शेवट बैठकींत सांगण्याजोगा नाहीं.

परतण्याच्याही कथा आहेत. 'काइंड ऑफ ब्लू' (१९५९) करणारा माइल्स डेव्हिस १९७५ सालीं थांबला आणि सुमारें पांच वर्षें त्यानें वाद्य जवळजवळ वर्ज्य केलें. १९८१ सालीं तो रंगमंचावर परतला तेव्हां त्याचा सूर दुबळा झाल्याची टीका झाली, आणि ती निराधार नव्हती. त्यानें तो दुबळा सूर लोकांपुढें ठेवला आणि वाजवीत राहिला. पुढच्या कांहीं वर्षांत सूर सावरत गेला. एवढ्या मोठ्या नांवालाही ओठांनीं सवलत दिली नाहीं. चेट बेकरची स्थिति तर ह्याहून कठीण. १९६६ सालच्या मारहाणीनंतर त्याचे दांत गेले, कवळी बसवावी लागली, आणि ओठांची बैठक पहिल्यापासून बसवावी लागली. १९७३ च्या सुमारास तो न्यूयॉर्कमध्यें पुन्हां उभा राहिला. सात वर्षें! ह्या सात वर्षांतला कोणता एक दिवस 'तो क्षण' होता, हें विचारणें व्यर्थ आहे.

आमच्यावर दोन आक्षेप येतील. पहिला असा, कीं आमचे बँडवाले भर उन्हांत वरातीपुढें तासन् तास वाजवितात, त्यांचे ओठ कसे टिकतात? वरात नीट ऐका, म्हणजे उत्तर मिळेल. ट्रंपेट एकटा नसतो. एकजण ओळ वाजवितो तेव्हां दुसरा वाद्य खालीं धरतो, क्लॅरिनेट मधली जागा भरतें, ढोल-ताशा चालू असतां सारे श्वास घेतात. जितका वेळ वाजवाल तितका वेळ थांबा, हा बँडमास्तरांचा नियम वरातीला न सांगतां ठाऊक आहे. दुसरा आक्षेप असा, कीं धीर हें आळसाचें संभावित नांव आहे. असा धीर असतो हें आम्हांस मान्य आहे. 'होईल तेव्हां होईल' म्हणून पेटी बंद ठेवणें हा धीर नव्हे. आम्ही सांगतों तो धीर घड्याळ लावून चालतो. तो रोज बसतो, हळू वाजवितो, ओठांत अजून दम शिल्लक असतांना उठतो. कॉर्नेटचा विख्यात वादक हर्बर्ट क्लार्क ह्यानें १९१२ च्या आपल्या अभ्यासग्रंथांत धडे अत्यंत मंद आवाजांत वाजवावयास सांगितले आहे, तें काय आळशांसाठीं? हातांत आलेला सूर पुन्हां एकदां वाजविण्याचा मोह आंवरून वाद्य खालीं ठेवणें, ह्याला किती निग्रह लागतो तें ज्यानें केलें त्यालाच ठाऊक. रक्त येईपर्यंत वाजविणें त्यामानानें सोपें. त्यांत निदान शौर्याचा देखावा तरी आहे.

आणि हा देखावाच मुळाशीं आहे. केशवसुतांनीं १८९३ सालीं 'तुतारी' लिहिल्यापासून फुंकीचें वाद्य आमच्या वाङ्मयांत आवेशाचें चिन्ह होऊन बसलें. कवितेंत तें शोभतें. कवितेला ओठ नसतात. पण माळ्यावरून पेटी उतरविणाऱ्या पन्नाशीच्या गृहस्थाला रणशिंग फुंकावयाचें नसतें. त्याला तरुणपणीं अर्धवट राहिलेली एक धून शेवटपर्यंत वाजवावयाची असते. एवढ्या साध्या इच्छेवर आम्ही चाळीस दिवसांचें तप आणि एका क्षणाचा साक्षात्कार ह्यांचें ओझें लादतों, आणि ती मोडली म्हणजे म्हणतों, त्याच्यांत तें नव्हतेंच.

त्याच्यांत तें होतें. त्याला दहा मिनिटांनंतर "आतां ठेवा" असें म्हणणारा कोणी भेटला नाहीं, इतकेंच. ज्यांच्या घरीं अशी पेटी नुकती उघडली असेल, त्यांनीं त्या माणसाला उस्तादांच्या कथा सांगूं नयेत. बेसूर ऐकूं आला तर हसूं नये, आणि एखाद्या सकाळीं सूर लागला तर "पुन्हां वाजवा" म्हणून आग्रहही करूं नये. सूर उद्यां येईल, किंवा पंधरा दिवसांनीं येईल. तोंवर ओठ शाबूत राहिले पाहिजेत.